शरणपूर रस्ता

नाशिकच्या कुठल्याही रिक्षावाल्याला 'शरणपूर रोड' म्हणून सांगा. तो लगेच विचारील, "कॅनडा कॉर्नर, टिळकवाडी की राजीव गांधी भवन?" रस्ता त्याला पाठ आहे. त्यावरच्या बँका, दवाखाने, मिठाईची दुकाने, महापालिकेची कचेरी, सारे काही त्याला डोळे मिटून सांगता येईल. पण त्याला जर कोणी म्हणाले, "बाबा रे, मला शरणपूर रोडला नको, शरणपूरला सोड," तर तो रिक्षा कडेला घेऊन तुमच्या तोंडाकडे बघत राहील. रस्त्याला ज्या गावाचे नाव आहे ते गाव गेले कुठे, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो.

त्याला तरी हसण्याचा मला काय अधिकार? मी स्वतः या रस्त्याच्या आसपास बावीस वर्षे राहतो आहे. मराठी शिकवून पोट भरतो. स्थलनामे म्हणजे समाजाच्या आठवणींची पेटी असते, असे वर्गात तासतासभर सांगितले आहे आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांच्या जांभयाही पाहिल्या आहेत. पण मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला, खरे म्हणजे पाडला गेला, गेल्या वर्षी. आणि ज्या रीतीने पाडला गेला तिची मला अजून थोडी लाज वाटते. एरवीच्या अंकात या सदराला एकच पान असते. तेवढ्यात स्वतःची लाज सांगून होत नाही. दिवाळी अंकासाठी संपादकांनी सढळ हाताने जागा दिली आहे, तेव्हा फराळाच्या ताटात एखादी मिरची असतेच असे समजून वाचकांनी ही गोष्ट गोड मानून घ्यावी.

झाले असे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक छोटासा प्रकल्प करायचा असतो. आपल्या गावातला एखादा विषय घ्यावा, चार माणसांना भेटावे, चाळीस पाने लिहावीत, एवढीच अपेक्षा. एकेक जण विषय घेऊन येत होता. गोदाकाठच्या ओव्या, पंचवटीतली देवळे, कुंभमेळा, रविवार कारंज्याजवळचे वाडे. कुसुमाग्रज तर दरवर्षी पाच जणांना हवे असतात. सगळ्यांच्या शेवटी एक मुलगी आली. वर्षभर मागच्या बाकावर बसलेली, प्रश्न विचारल्यावाचून तोंड न उघडणारी.

"सर, मी शरणपूरवर करू?"

"शरणपूर रोडवर?"

"रोडवर नाही सर. शरणपूरवर."

मी हसलो. आता आठवले की ते हसूच मला जास्त बोचते. म्हणालो, "अगं, तिथे काय आहे? एक चर्च आणि चार जुनी घरं. साहेबाने वसवलेली वस्ती ती. नाशिकचा इतिहास बघायचा तर गावात जावं, नदीवर जावं. तू काळाराम घे. मोठा विषय आहे."

तिने मान हलवली आणि काळाराम घेतला. प्रकल्प नेटका केला. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहावर तिने पंधरा पाने लिहिली होती, आणि ती सगळ्यांत चांगली होती. मी तपासत तपासत शेवटच्या पानावर आलो. तिथे एक वाक्य होते: ज्यांना हा दरवाजा उघडला नाही त्यांच्यासाठी या शहरात दुसरे कोणते दरवाजे होते, हे पाहण्याची माझी इच्छा होती, परंतु तो विषय मला मिळाला नाही.

'मिळाला नाही' म्हणजे कोणी दिला नाही, हे तिने लिहिले नव्हते. व्याकरणात याला कर्त्याचा लोप म्हणतात. तो लोप तिने माझी अब्रू राखण्यासाठी केला होता. मी लाल शाईची लेखणी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढलो.

हे वाचनालय 1840 सालचे. म्हणजे ज्या वस्तीची मी चौकशी करायला गेलो होतो, तिच्याहूनही वयाने मोठे. 1883 साली सरकारने छापलेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालेतला सोळावा खंड, पुढ्यात घेऊन बसलो. मग एकातून दुसरे पुस्तक निघत गेले. पुढचे दोन महिने मी घरच्यांना फारसा दिसलो नाही.

मुळापासून सांगायचे तर 1818 साली पेशवाई बुडाली आणि नाशिक इंग्रजांकडे आले. 1832 साली चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री येथे येऊन राहिले. त्यांतल्या एकाचे नाव फरार. क्षेत्राच्या ठिकाणी, भर सोवळ्यात, त्यांना जागा मिळणे अवघड आणि त्यांचा धर्म स्वीकारणाऱ्याला तर त्याहून अवघड. बाप्तिस्मा घेतला की विहीर बंद, न्हावी बंद, घर बंद. माणसाने जायचे कुठे? या प्रश्नाला उत्तर म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्याने 1854 साली गावापासून मैलभर पश्चिमेला एक नवी वस्ती वसवली. तिथे चर्च आले, शाळा आली, अनाथालय आले, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारा कारखाना आला. आणि वस्तीला नाव दिले शरणपूर.

हे नाव मला फार विचार करण्याजोगे वाटते. साहेबाला आपल्या राणीचे, गव्हर्नराचे, नाहीतर एखाद्या संताचे नाव देता आले असते. त्याने अस्सल आपल्या भाषेतला शब्द उचलला. 'शरण' हा शब्द बौद्धांच्या त्रिशरणात आहे, वारकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि रोजच्या भांडणातही आहे. पण त्याला दोन तोंडे आहेत. शरण देणे म्हणजे आसरा देणे. शरण जाणे म्हणजे हार मानणे. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला या दोन गोष्टी एकाच उंबरठ्यावर कराव्या लागतात, हे आपल्या भाषेला फार पूर्वीच उमगले असावे. म्हणून तिने दोहोंसाठी एकच शब्द ठेवला.

आणि गावाबाहेर आसरा बांधण्याची गोष्ट नाशिकला नवी नव्हतीच. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंसाठी हे लेणे दिले, असे त्याने दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवले आहे. चारी दिशांचे म्हणजे कुठले, हे मात्र शरणपूरच्या बाबतीत वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण या वस्तीत जी मुले आली त्यांतली कितीतरी आफ्रिकेतून आली होती.

ही हकीकत अशी. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसे पकडून आणून, गलबतांत भरून, अरबस्तान नि इराणच्या बाजारांत विकली जात. इंग्रजांनी 1807 साली स्वतः या व्यापारातून अंग काढून घेतले होते. पुढे त्यांची आरमारी जहाजे अरबी समुद्रात अशी गलबते पकडू लागली. गलबत पकडले, माणसे सुटली. पण सुटलेल्या पोरांना ठेवायचे कुठे? घर हजार कोस दूर, वाट ठाऊक नाही, आईबाप जिवंत आहेत की नाहीत कोणास ठाऊक. अशी मुले मुंबईच्या बंदरात उतरवली जात. आयसेनबर्ग नावाचा एक जर्मन पाद्री मुंबईत त्यांचा सांभाळ करी. पुढे 1860 च्या सुमारास ही मुले नाशिकला, शरणपुरात आणली गेली.

जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. पलीकडे रामकुंडावर पर्वणीची गर्दी, आणि अलीकडे मैलभरावर याओ नि इतर जमातींची काळीसावळी पोरे रंधा मारायला शिकत आहेत, भाता ओढत आहेत, मराठी घरांच्या शेजारी राहून मराठी शब्द कानांवर झेलत आहेत. आपल्या गावाच्या गोष्टींत मी हे कधीच ऐकले नव्हते. आणि गंमत अशी की, त्याच पोरांमुळे नाशिकचे नाव साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत गेले.

1865 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला होता. नाईल नदीचा उगम शोधण्याच्या शेवटच्या मोहिमेची त्याची तयारी चालली होती. त्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरच्या शाळेतले नऊ तरुण बरोबर घेतले. 1866 च्या जानेवारीत ते मुंबईहून निघाले. त्यांतले काही वाटेत गळले, काही शेवटपर्यंत राहिले. 1872 साली त्याच्या मदतीसाठी जी नवी तुकडी पाठवली गेली तिच्यातही शरणपूरचे तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकी एक, मॅथ्यू वेलिंग्टन हा दुसरा. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचे काळीज तिथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर साहेबाचे नाव नि तारीख कोरली. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात नि झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी ते शव सुमारे नऊ महिने हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत आणले. वाटेत माणसे मेली. पण ओझे कोणी टाकले नाही. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला मूठमाती मिळाली, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेचा विद्यार्थी.

झाडावर नाव कोरण्याचे काम जेकबकडेच का आले असावे? त्याला अक्षर येत होते म्हणून. ते अक्षर तो इथे, माझ्या रोजच्या बसस्टॉपच्या आसपास कुठेतरी गिरवायला शिकला होता.

पण या जेकबचे स्वतःचे नाव काय होते? त्याच्या आईने कुठल्या नावाने हाक मारली होती? ते कुठे लिहिलेले मला आढळले नाही. लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेल्यांत एक सायमन प्राइस होता, दुसरा कॅरस फरार. म्हणजे एकाला वस्ती वसवणाऱ्या पाद्र्याचे आडनाव, दुसऱ्याला त्याआधीच्या पाद्र्याचे. मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंग्विंबे होते, एवढे टिकले आहे. तो पुढे मोंबासाला राहिला आणि 1935 साली वारला. हीच ती शब्दाची दोन तोंडे. आसरा मिळाला आणि नाव गेले. पाद्र्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो त्यांनी लपवलाही नाही. त्यांची दया आणि त्यांचे राज्य या दोन गोष्टी एकाच जहाजातून आल्या होत्या. तरीसुद्धा, गलबताच्या तळाशी दोरीने बांधलेल्या सात वर्षांच्या पोरापुढे उभे राहून 'हे मिशन नको' असे सांगण्याची माझी तरी छाती नाही.

1874 साली प्राइस शरणपूरहून मोंबासाला गेला. तिथे सुटलेल्या गुलामांसाठी त्याने दुसरे शरणपूर वसवले. त्याला मात्र मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले, फ्रिअरटाउन. नाशिकला वाढलेली शंभराहून अधिक आफ्रिकी माणसे तिकडे गेली. सुतार, लोहार, शिक्षक म्हणून त्यांनी ती वस्ती उभी केली. गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायची घंटा तिथे होती. त्या घंटेवरूनच आज तो भाग केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. स्वाहिलीत 'केंगेले' म्हणजे घंटा. केनियाच्या इतिहासात या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. त्या वस्तीच्या आठवणींवर जेम्स एम्बोटेला यांनी स्वाहिलीत एक पुस्तक लिहिले, ते 1934 साली प्रसिद्ध झाले.

1934! मराठीच्या मास्तराला हे साल वाचून गप्प राहवत नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग त्याच वर्षी आला. गोदावरीकाठच्या जलालपूरला सोवळ्याच्या कडक घरात जन्मलेल्या, पुढे नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झालेल्या, रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे करणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक 1936 साली याच नाशकात वारल्या. मी 'स्मृतिचित्रे' बारा वर्षे शिकवली. त्यातला विनोद शिकवला, भाषेचा साधेपणा शिकवला. पण ती माणसे गावाबाहेर का राहिली, कुठल्या रस्त्याने हिंडली, हे बघायला मी खिडकीतून मान बाहेर काढली नाही.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी त्या मुलीला फोन केला. म्हणालो, "तुझा विषय बरोबर होता. माझं चुकलं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "सर, आमच्या घरी याल? पण लवकर या. घर पाडणार आहेत."

तिचे घर शरणपूर रस्त्याच्या आतल्या बाजूला होते. मी अनेकदा त्यासमोरून गेलो होतो. बैठे घर, उंच जोते, पुढे व्हरांडा, लाकडी जाळी, वर मंगलोरी कौले. ही कौलेसुद्धा एका मिशनचीच देणगी. 1865 साली मंगळूरला बासेल मिशनने त्यांचा कारखाना काढला होता. दारात उभे राहिलो आणि गावातला वाडा व हे घर यांतला फरक प्रथमच डोळ्यांत भरला. आमचा तिवंध्याजवळचा वडिलोपार्जित वाडा रस्त्याकडे पाठ करून बसलेला होता. बाहेर नुसती भिंत नि दिंडीदरवाजा. जे काही हसणे-रडणे ते आतल्या चौकात. कोण आला हे आधी बघायचे, मग आत घ्यायचे. या घराचे तोंड रस्त्याकडे. पायऱ्या चढलात की व्हरांडा, व्हरांड्यात बाक. आत कोणी नसले तरी येणाऱ्याने बसावे. दोन घरे, दोन स्वभाव. वाड्याने सातआठ पिढ्या सांभाळल्या, हे खरे. पण पावसात भिजत आलेल्या परक्या माणसाने कुठे उभे राहावे, याचा विचार वाड्याच्या गवंड्याने केलेला नसतो.

बाकावर मुलीची आजी बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. मी नमस्कार केला, त्या "सलाम" म्हणाल्या. मग चहा आला, बरोबर करंज्या आल्या. "दिवाळी तुमची," आजी म्हणाल्या, "पण करंज्या आमच्या नाताळातही असतात. घ्या."

मी माझे सगळे ज्ञान त्यांना सांगितले. जेकबचे, लिव्हिंग्स्टनचे, मोंबासाच्या घंटेचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या आजीने त्यातलं कोणी पाहिलं नव्हतं. ती नंतर आली. दुष्काळात."

1899-1900 चा तो दुष्काळ. सहासात वर्षांच्या एका पोरीला कोणीतरी मिशनच्या दारात आणून सोडले होते. सोडणारा बाप होता की मामा, हेही तिला नीट आठवत नसे. अनाथालयात तिचे नाव रूथ ठेवले. ती शिकली, शाळेत शिकवू लागली, कारखान्यात तयार झालेल्या एका सुताराशी तिचे लग्न झाले. हे घर त्या सुताराने बांधलेले. दाराच्या चौकटीवर हात फिरवून पाहिला. शंभर वर्षांत सांधा हललेला नव्हता.

"तिचं आधीचं नाव काय होतं?" मी विचारले.

"मी पण विचारायची लहानपणी. ती म्हणायची, आई मला 'बये' म्हणायची, एवढंच आठवतं. आता बये काय, सगळ्याच आया म्हणतात. ते काही नाव नव्हे." आजी थोड्या थांबल्या. "पण म्हातारपणी, अगदी शेवटी, ती कुणाला ओळखेना. रूथ म्हणून हाक मारली तर बघायची नाही. मी एकदा सहज म्हटलं, बये, पाणी पितेस? तर लगेच तोंड उघडलं."

मुलीने तोंड फिरवून चहाचे कप उचलले. मी व्हरांड्याच्या जाळीकडे बघत बसलो.

घर का पाडता, असा शहाणा प्रश्न मी विचारणार होतो. बरे झाले विचारला नाही. कौले गळत होती. वासे वाळवीने खाल्ले होते. शाकारणीला माणूस मिळत नव्हता. तीन भावांचे हिस्से होते आणि आजींना जोते चढवत नव्हते. ज्याचा वाडा त्याच कारणांनी सहा वर्षांपूर्वी जमीनदोस्त झाला त्याने दुसऱ्याला वारशाचे प्रवचन कुठल्या तोंडाने द्यावे? आम्ही वाडा विकला तेव्हा मी दिंडीदरवाजाची कडी तेवढी आणली. ती आता पुस्तकांवर वजन म्हणून ठेवतो.

आणि घरे पडतात, तशी नावेही बदलतात, हे या रस्त्याला नवीन नाही. जवळच त्र्यंबक रस्त्यावर साहेब लोकांच्या गोल्फ क्लबचे मैदान आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणारा अनंत कान्हेरे पुढल्या एप्रिलमध्ये फासावर गेला. आज त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. काळ असा न्याय करतो. पण शरणपूर हे नाव साहेबाचे नव्हते, म्हणून ते बदलावे असे कोणाला वाटले नाही. ते नुसतेच झिजले. नाव उरले, त्यातले गाव विसरले गेले. बदललेल्या नावाची निदान चर्चा तरी होते; झिजलेल्याची तीही नाही.

निघताना मुलगी म्हणाली, "सर, बिल्डर कंपाउंडच्या भिंतीत एक दगड बसवू देतो म्हणालाय. दोन फूट बाय एक फूट. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही लिहून द्या. तुमचं मराठी चांगलं आहे."

वाचकहो, मराठी चांगले असणे म्हणजे काय संकट आहे हे मला त्या आठवड्यात कळले. पहिला मसुदा केला त्यात 'ऐतिहासिक', 'मानवतावादी' आणि 'देदीप्यमान' हे तीनही शब्द आले. फाडला. दुसऱ्यात 1832, 1854, 1866, 1874 अशी सनावळी झाली. ती तर शाळेतली भिंतच. तिसऱ्यात जेकबला घातले, मग रूथबाईंना घातले नाही म्हणून वाईट वाटले. दोघांना घातले तर दोघांचीही नावे दुसऱ्यांनी ठेवलेली. चौथा मसुदा घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"एवढं वाचायला थांबतो कोण?" त्या म्हणाल्या. "रस्त्यावर केवढी गर्दी. आपलं लिहा, शरणपूर इथे होतं."

"होतं नाही आजी," नात म्हणाली, "आहे."

"मग 'आहे' लिही. मला काय, मी अजून इथेच आहे."

त्यावर मी काही सुधारणा सुचवली नाही. मास्तरकीच्या आयुष्यात दुसऱ्याच्या वाक्याला हात न लावण्याचे असे प्रसंग थोडेच येतात.

दगड पंचवटीतल्या एका पाथरवटाकडून कोरून घेतला. वरच्या ओळीत 'हे शरणपूर', खाली 1854, आणि त्याखाली 'चारी दिशांहून आलेल्यांचे'. ही शेवटची ओळ माझी नाही. ती कल्पना उषवदाताची, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याच्या गुहेतून उसनी आणली, तो रागावणार नाही. तळाला अर्धा वीत जागा कोरी सोडली आहे. पाथरवटाने विचारले, "इथे काय घालायचं?" ती मुलगी म्हणाली, "ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांची जागा." त्याने काही न बोलता ती जागा घासून गुळगुळीत करून दिली आणि तिचे पैसे लावले नाहीत.

घर श्रावणात उतरवले. आजी आता धाकट्या मुलाकडे, गंगापूर रस्त्याला, लिफ्टच्या इमारतीत राहतात. सुताराच्या हातची चौकट मुलीने ठेवून घेतली आहे. ती आता एका शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी शरणपूरच्या जुन्या माणसांकडे वही घेऊन जाते. तिच्याबरोबर मीही जातो. लोक मला तिचे मार्गदर्शक समजतात. मी दप्तर सांभाळतो.

इमारत पुरी व्हायला दोन वर्षे लागतील. बिल्डरचे वचन तोंडी आहे; कागदावर काही नाही. पूर्ण होईल तेव्हा तो ते पाळतो की नाही हे मी याच सदरात कळवीन, तुमच्या साक्षीने सांगून ठेवतो. तोपर्यंत दगड आमच्या घरी, जिन्याच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा आहे. पोस्टमन, दूधवाला, वरच्या मजल्यावरची मुले, येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचतो आणि विचारतो, हे काय? मग मी सांगतो. गेल्या चार महिन्यांत मी वर्गात जितके शिकवले नसेल तितके जिन्यात शिकवले आहे.

या दिवाळीत पत्नीने पहिली पणती कुठे ठेवायची म्हणून विचारले. दरवर्षी ती उंबरठ्यावर ठेवतो. यंदाही उंबरठ्यावरच ठेवणार आहोत. फक्त थोडी उजवीकडे सरकवून, म्हणजे त्या कोऱ्या जागेवर उजेड पडेल.